वाळपईला प्रोग्राम बसवायला निघण्याआधी

पणजीतल्या ऑफिसच्या मशीनवर प्रोग्राम चालतो, याचा अर्थ एवढाच की त्याला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या वेगळ्या फाइली) त्या मशीनवर आधीपासून आहेत. वाळपईच्या पतसंस्थेतल्या संगणकावर त्या असतीलच असं नाही, आणि पावसात नेट गेलं की तिथे बसून उतरवताही येत नाहीत. म्हणून सगळं आदल्या दिवशीच.

संस्थेत कुठली सिस्टीम, कुठली आवृत्ती, ३२ बिट की ६४, हे फोनवर विचारून घ्या. लिनक्स असेल तर त्यांच्याकडच्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर बिल्ड करा, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवा. उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ मध्ये ग्लिबसी (सीची मूळ लायब्ररी) २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. २२.०४ वर बिल्ड केलेला, नुसता 'नमस्कार' छापणारा सी प्रोग्रामही २०.०४ वर 'ग्लिबसी २.३४ सापडत नाही' म्हणून अडतो, कारण 'मेन' या प्रोग्रामच्या मुख्य फंक्शनच्या आधी चालणाऱ्या फंक्शनचीच आवृत्ती २.३४ मध्ये बदलली. जुन्यावर केलेलं नव्यावर चालतं. त्यासाठी जुनं मशीन शोधू नका, २०.०४ चा डॉकर कंटेनर (आपल्याच मशीनवर चालणारं वेगळं, बंदिस्त वातावरण) पुरतो.

सभासदांची नावं मराठी वर्णक्रमाने लावायला आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी वापरली असेल तर ती सोबत न्यायचीच. तिच्या फंक्शनच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो, २२.०४ वर ७०, २४.०४ वर ७४. सिमलिंक (एका फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) करून ७४ ला ७० म्हणवलंत तरी फसतं. सोबतच्या लायब्ररी शोधायला रनपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायच्या ते फाइलमध्येच लिहिलेला पत्ता) डॉलर-ओरिजिन, म्हणजे 'ही फाइल आहे तोच फोल्डर', द्या. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांची फाइल) डॉलर दोनदा, आणि सगळं एकेरी अवतरणात, नाहीतर आज्ञा चालवणारा शेल तो गिळतो. रनपाथ ज्या फाइलमध्ये लिहिला तिच्यापुरताच चालतो. एका लायब्ररीला दुसरी लागत असेल तर त्या लायब्ररीतही तो हवा. लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणाऱ्या एलडीडीत 'नॉट फाउंड' दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, प्रोग्राम चालू झाल्यावर उघडली जाणारी प्लगिनं त्यात येत नाहीत.

पेनड्राइव्हवर फोल्डर तसाच टाकू नका. पेनड्राइव्हच्या एक्सफॅट फॉरमॅटवर सिमलिंक टिकत नाहीत, चालवण्याची परवानगीही टिकत नाही. टार करून, म्हणजे सगळं एका फाइलीत बांधून, न्या.

विंडोजवर डीएलएल (तिथल्या शेअर्ड लायब्ररी) ईएक्सईच्या, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलीच्या, शेजारीच ठेवा. व्हिज्युअल सी++चा रीडिस्ट्रिब्युटेबल इन्स्टॉलर (त्याच्या रनटाइम लायब्ररी बसवणारा) सोबत घ्या, आणि नावाच्या शेवटी 'डी' असलेली डीबग रनटाइम (चुका शोधताना वापरायची आवृत्ती) चुकून लागत नाही ना, ते डंपबिन या टूलने बघा. ती वाटायची परवानगीच नाही. ०xc०००००७b हा आकडा दिसला तर बहुधा ३२ आणि ६४ ची भेसळ आहे. खिडक्या-बटणांसाठी क्यूटी ही लायब्ररी असेल तर तिचा 'प्लॅटफॉर्म्स' फोल्डर विसरू नका. आणि कुणीतरी प्रोग्राम 'हिशेब' नावाच्या फोल्डरात ठेवणारच. देवनागरीला विंडोजची जुनी एएनएसआय कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) नाही, त्यामुळे एएनएसआय फंक्शनने लायब्ररी उघडलीत तर फाइलच्या पत्त्यात प्रश्नचिन्हं येतात आणि फाइल सापडत नाही. शेवटी 'डब्ल्यू' असलेलं फंक्शन वापरा.

मॅक तिथे क्वचितच. असलाच तर ओटूल या टूलने होमब्रूच्या (मॅकवर लायब्ररी बसवण्याची सोय) फोल्डरांचे पत्ते शोधा, ते बदला, आणि फाइलींवर डिजिटल सह्या त्यानंतर करा. आधी केलेली सही पत्ता बदलताच मोडते आणि ॲपल सिलिकॉनवर सिस्टीम प्रोग्राम मारून टाकते.

शेवटी कोरं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक) घ्या, नेट बंद करा, पेनड्राइव्हवरूनच बसवा आणि एक पासबुक छापून बघा. नुसती खिडकी उघडून थांबू नका, प्रिंटिंगचं प्लगिन छापतानाच लोड होतं.