गॅस गीझर न्हाणीघराबाहेर हलवला, त्याविषयी

कोथरूडमधील आमच्या जुन्या इमारतीत न्हाणीघरे लहान आहेत आणि थंडीत खिडकीच्या काचपट्ट्या बहुतेक घरांत बंदच असतात. गेल्या हिवाळ्यात आईला आंघोळीनंतर चक्कर येऊ लागली, डोके जड व्हायचे आणि गॅलरीत बसले की बरे वाटायचे. रक्तदाब ठीक निघाल्यावर डॉक्टरांनी लगेच गीझरची चौकशी केली.

बंद जागेत प्राणवायू कमी पडला की गॅस अपुरा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो, त्यामुळे दाराची कडी काढण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंगही नाही आणि वासही नाही, हेच मला सर्वांत भयंकर वाटते.

आम्ही प्लंबरकडून गीझर ड्राय बाल्कनीत हलवून घेतला आणि भिंतीतून गरम पाण्याचा पाइप तेवढा आत आणला. बर्नर साफ केल्यावर पिवळसर ज्योत निळी झाली. आईचा त्रास थांबला.

ज्यांना जागा बदलणे शक्य नाही, त्यांनी दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा आणि हवा खेळू दिल्यावरच आंघोळीला जावे. कोणी आत बेशुद्ध आढळल्यास त्या व्यक्तीस आधी मोकळ्या हवेत आणावे व 108 क्रमांकावर फोन करावा.