शहराचं नाव बदललं, वेबसाइटवर दोन्ही ठेवा

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. गुगलवर मात्र लोक दोन्ही नावांनी शोधतात.

१. गुगल सर्च कन्सोलच्या (आपली साइट गुगलवर कशी दिसते ते दाखवणारं साधन) 'परफॉर्मन्स'मध्ये क्वेरी (लोकांनी शोधलेले शब्द) फिल्टर लावून दोन्ही नावं तपासा. इंग्रजी स्पेलिंगही पाहा. बरेच जण तसंच टाइप करतात.

२. ज्या नावाचे इम्प्रेशन (शोध निकालात साइट किती वेळा दिसली) जास्त, ते टायटलमध्ये (पानाच्या शीर्षकात) घ्या. दुसरं पहिल्या परिच्छेदात सहज येऊ द्या: 'छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) येथे हिमरू शाली'. टायटलमध्ये दोन्ही कोंबलीत तर ते लांबतं, मोबाइलवर कापलं जातं.

३. जुन्या नावाची यूआरएल (पानाचा पत्ता) चालू असेल तर राहू द्या. बदललीच तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय) लावा, नाहीतर जुन्या लिंक तुटतात.

दोन नावांसाठी सारख्याच मजकुराची दोन पानं मात्र करू नका. गुगल सहसा त्यातलं एकच दाखवतं.