तिथे गेल्यावर जे जमणार नाही, ते आधी

परदेशी जायचं ठरलं की पहिल्यांदा माळ्यावरून बॅग खाली उतरते. यादीत तिचा नंबर शेवटचा असायला हवा. विसरलेली छत्री, मोजे, टूथब्रश कुठल्याही शहरात मिळतात. पासपोर्टची सरत आलेली मुदत, न घेतलेली लस, एकाच प्रवेशाचा व्हिसा यांना मात्र तिथे पोहोचल्यावर इलाज नसतो. म्हणून ही यादी त्याच क्रमाने लावली आहे: परक्या देशात ज्याची दुरुस्ती होत नाही ते आधी, आणि जे तिथेही मिळतं ते सगळ्यात शेवटी.

सुरुवात जागेपासून. देश ठरवताना महिनाही ठरवा; माझ्या मते तर महिना आधी आणि देश नंतर. एखाद्या जागेच्या ज्या फोटोने तुम्हाला ओढ लावली, तो वर्षातल्या कुठल्या दिवसांतला आहे हे शोधून काढा. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या मैदानावर आकाशाचं प्रतिबिंब दिसतं ते पावसाचं पाणी साचल्यावर, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. कोरड्या महिन्यांत तिथेच भेगाळलेल्या मिठाचे षटकोन पसरलेले असतात. दोन्ही सुंदर, पण मनात एक धरून गेलात आणि दुसरं समोर आलं तर चुटपुट लागते. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) पाहायचा तर सप्टेंबर ते मार्च, कारण ऐन उन्हाळ्यात तिथे रात्रीही सूर्य मावळत नाही. टोकियो-क्योतोत चेरी फुलते ती मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. एप्रिल संपता संपता गोल्डन वीकच्या सुट्ट्या लागतात आणि जपानी लोकच प्रवासाला निघाल्याने गाड्या आणि हॉटेलं भरून जातात. पेरूतला इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला पायी जाणारी वाट, फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंद असतो. एवढं पाहून घेतलं की सुट्टीच्या महिन्याला साजेशी जागा आपोआप पुढे येते.

आता पासपोर्ट. तो कपाटातून काढा आणि उजेडात बसून पानन् पान पाहा. मुदत संपायची तारीख निघायच्या तारखेशी नका जुळवू, परतीच्या तारखेशी जुळवा, आणि पुढे सहा महिने शिल्लक आहेत का ते मोजा. बऱ्याच देशांना प्रवेशाच्या दिवशी सहा महिने लागतात. शेंगेन गटातल्या (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय) देशांना तिथून बाहेर पडण्याच्या तारखेपुढे तीन महिने लागतात आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. शेंगेन व्हिसासाठी निदान दोन कोरी पानंही हवीत. नंतर छायाचित्राच्या पानाची कड बोटाने चाचपून पाहा. प्लास्टिकचा थर सुटत असेल, पान ओलं होऊन फुगलं असेल, शिवण उसवली असेल तर नवा पासपोर्ट काढायला टाका. मुदत शिल्लक असली तरी असा पासपोर्ट विमानतळावर अडवला जाऊ शकतो. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी हे तिकीट काढण्याआधीच नक्की करावं.

व्हिसाचा अर्ज शेंगेनसाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. शेवटच्या पंधरवड्याच्या भरवशावर राहू नका. सुट्टीच्या हंगामात अर्जाची वेळ मिळायलाच आठवडे जातात. अर्ज करायचा तो ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. व्हिसा हातात आला की त्यावर किती प्रवेश लिहिलेत ते पाहा. पॅरिस, मग लंडन, मग रोम अशी आखणी केली असेल तर एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा लंडनला जाताच संपतो, कारण ब्रिटन त्या गटात नाही. आयर्लंडही नाही. उलट स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघाबाहेर असूनही शेंगेनमध्ये आहेत. मुक्काम मोजण्याचा नियमही नीट समजून घ्या. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि ही १८० दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात. तेव्हा दिवस मोजण्यात ढिलाई चालणार नाही.

मधल्या थांब्यांची चौकशी बहुतेकांच्या यादीतून सुटते. अमेरिकेतून फक्त विमान बदलून पुढे जायचं असलं तरी तिथल्या इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे ट्रान्झिट व्हिसा किंवा ज्यांना व्हिसामाफी आहे त्यांना ऑनलाइन पूर्वपरवानगी हवी. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करत असाल तर मधल्या विमानतळावर सामान सोडवून घेऊन पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि त्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. तिकीट स्वस्त दिसलं की हे आधी तपासा.

तब्येतीची तयारी किमान दीड-दोन महिने आधी. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस ज्या देशांना लागते तिथे तिचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि ते लागू होतं लस घेतल्यावर दहा दिवसांनी. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे पूर्वी घेतली असेल तर जुनं पिवळं कार्ड शोधून ठेवा. काही लशींना दोन मात्रा लागतात, मध्ये आठवड्यांचं अंतर. म्हणून डॉक्टरांकडे लवकर जा.

औषधांबद्दल मी आग्रहाने सांगेन, कारण इथे निरपराध माणूस अडकू शकतो. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात अमली पदार्थांच्या यादीत असू शकते. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही वेदनाशामकं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत, नेण्याआधी परवानगी घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक औषधाच्या पाकिटावरचं ब्रँडचं नाव सोडा आणि घटकाचं नाव वाचा, आणि ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा. औषधं मूळ वेष्टनात ठेवा. डबीत एकत्र केलेल्या गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि घटकाच्या नावासह असावी. रोजची औषधं मुक्कामापेक्षा आठवडाभराची जास्त घ्या आणि सगळी हातातल्या बॅगेत ठेवा. ई-सिगारेटचंही असंच आहे. सिंगापूर आणि थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे, सोबत सापडली तरी कारवाई होते.

उंचावर जाणार असाल तर आखणीतच त्याची सोय करा. पेरूतलं कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि माचू पिचू त्याच्या खाली, २,४३० मीटरवर. त्यामुळे कुस्कोला उतरल्यावर पहिले मुक्काम खालच्या खोऱ्यात करून नंतर शहरात परतणं शरीराला सोपं जातं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. समुद्रात डायव्हिंग करणार असाल तर शेवटचं डायव्हिंग आणि विमान यांत पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा.

विमा काढताना रक्कम तर पाहाच (शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं), पण त्याहून महत्त्वाचं आहे ते काय वगळलंय हे वाचणं. स्कूटर भाड्याने घेऊन चालवताना झालेला अपघात, ठरावीक उंचीवरचा ट्रेक, डायव्हिंग, आधीपासूनचा आजार ही कलमं शोधून वाचा. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी आपल्याच देशात काढावा लागतो. तो कोणत्या करारानुसारचा आहे हेही विचारा, कारण जपान फक्त १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा मानतो. योग्य परवाना नसताना गाडी चालवली तर विम्याचा दावाही फेटाळला जाऊ शकतो.

प्रवेशाची तिकिटं हल्ली विमानाच्या तिकिटाइतकीच लवकर संपतात. अॅमस्टरडॅमच्या अॅन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची खुली होतात. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ हे भित्तिचित्र पाहायला प्रत्येक गटाला पंधरा मिनिटं मिळतात, तीही आधी नोंदवलेली. स्पेनमधल्या ग्रनादाच्या अलहाम्ब्रा किल्ल्यात नासरी महालांत तिकिटावरच्या वेळेलाच सोडतात आणि ओळखपत्र पाहतात. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. पण सगळे दिवस असे वेळेला बांधून टाकू नका. दिवसात एकच ठरलेली वेळ ठेवा आणि बाकीचा दिवस पायांवर सोडा. बाजारात रेंगाळणं, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाणं, बागेत बसून राहणं, परक्या शहराशी ओळख होते ती इथेच.

पैशांसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं घ्या, दोन वेगळ्या जागी ठेवा, आणि परदेशी व्यवहार सुरू आहेत का हे बँकेत विचारून घ्या. पहिल्या दिवसापुरती रोकड हवी. दुकानात किंवा एटीएममध्ये कार्ड घातल्यावर मशीन विचारतं, रक्कम तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा दिसतो, बोट तिकडेच जातं. पण तो दर मशीनवाल्याने लावलेला असतो, आणि बहुतेक वेळा महाग. नेहमी स्थानिक चलन निवडा. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोकड घेऊन युरोपीय संघात शिरताना ती जाहीर करावी लागते. अमेरिकेत दहा हजार डॉलरच्या वर हाच नियम आहे, आणि तिथे कुटुंबाची रक्कम एकत्र मोजतात.

फोनबाबत एकच गोष्ट घरी तपासा: बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर तिथे चालू राहणार का? इंटरनेटसाठी ई-सिम घेतलं तरी जुनं सिम संदेशांपुरतं जिवंत ठेवा. नकाशे आणि भाषांतराच्या भाषा वायफायवर उतरवून घ्या. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या प्रती फोनमध्ये, ई-मेलमध्ये आणि कागदावर, आणि एक संच घरच्यांकडे. पासपोर्ट हरवला तर पोलिसांची तक्रार घेऊन आपल्या दूतावासात जावं लागतं. त्याचा पत्ता कागदावर लिहिलेला असू द्या. युरोपीय संघात सगळीकडे ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९.

विजेचं पाहायचं ते चार्जरच्या पाठीवर, बारीक अक्षरांत. तिथे १००–२४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर फक्त प्लगचा आकार बदलणारं अॅडॅप्टर पुरतं. केस वाळवायच्या यंत्रांवर बहुधा एकच आकडा असतो. जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, युरोपात २३०, तेव्हा ती घरीच राहू द्या. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, जवळच ठेवावी लागते, आणि मर्यादा १०० वॉट-तासांची. वीस हजार एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते.

बॅग आता भरा. एक जोड कपडे, औषधं, कागदपत्रं, चष्मा आणि एक पेन हातातल्या बॅगेत. द्रव पदार्थ शंभर मिलिलीटरच्या बाटल्यांत. काही विमानतळांनी हा नियम सैल केलाय, पण परतीच्या विमानतळावर तो असेलच असं धरून चाला. बूट नवे नकोत. भरलेल्या बॅगेचा बाहेरून आणि आतून फोटो काढा.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिकिटावरची तारीख पुन्हा वाचा. १५ तारखेला ००:३० ला सुटणारं विमान म्हणजे १४ च्या रात्री विमानतळावर असणं. आणि उतरल्यावर पट्ट्यावर बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर बाहेर पडण्यापूर्वी तिथल्याच सामानाच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत द्यावी लागते, उशिरा मिळालेल्या बॅगेची ती हाती आल्यापासून एकवीस दिवसांत. काढलेला फोटो तेव्हा तक्रारीला जोडा, आणि मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांच्या पावत्याही.