चामखिळीवर सिल्व्हर नायट्रेटची काडी

सिल्व्हर नायट्रेटची काडी कातडी जाळते, म्हणून आधी ती चामखीळच आहे ना, बघा. तळपायावर कुरुपाशी हमखास गल्लत होते. चामखिळीत बारीक काळे ठिपके असतात. तीळ, चेहरा, गुप्तांग इथे काडी लावायचीच नाही. मधुमेह असेल तर आधी डॉक्टर.

कोमट पाण्यात भिजवून जाड कातडी रक्त न काढता घासा, कोरडी करा, भोवती व्हॅसलीन लावा. काडीचं टोक डिस्टिल्ड वॉटरने ओलं करा. बोअरच्या खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडने पांढरा साका बसतो, औषध वाया. 1-2 मिनिटं टेकवा. पुन्हा 24 तासांनी. साध्या चामखिळीला 3 वेळा, तळपायाच्या चामखिळीला 6 वेळा, त्यापुढे नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने औषध ओघळतं, पंख्याखाली बसूनच लावा. फार आग झाली तर मिठाच्या पाण्याने धुवा. कातडी काळी पडणारच, ती सोलून जाते. चादरीवरचा डाग मात्र जात नाही.