बोट प्रेसमध्ये गेलं, कागदावर मात्र ‘घरी पडला’: कामगारांनो, या चुका टाळा

वाळूजच्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, कुणाचं बोट गेलं की सुपरवायझर आधी हेच सांगतो, “दवाखान्यात घरी पडलो म्हण, खर्चाचं आम्ही बघतो.” दुखण्याच्या भरात माणूस तसंच बोलून बसतो. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजना. तिच्या लेखी आजारपण वेगळं, कामावरची इजा वेगळी. आजारपणाचा भत्ता सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, तोही आधी ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर. इजेमुळे तात्पुरतं अपंगत्व आलं तर ९० टक्के, आणि काम करता येत नाही तोवर. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद हवं, एवढंच. वर्गणीच्या दिवसांची अट नाही, कालच लागलेल्या पोरालाही तो लागू. ६०० रुपये रोज धरा: एकीकडे ४२०, दुसरीकडे ५४०.

म्हणून डॉक्टरला खरं सांगा. अपघाताच्या रजिस्टरात नोंद करायला लावा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हा फोटो काढायचंच बहुतेक जण विसरतात.

जखम भरली, कामावर आलो, विषय संपला, हीसुद्धा चूकच. तर्जनी मुळापासून गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता १४ टक्के कमी धरली आहे. ईएसआयच्या मेडिकल बोर्डानं (डॉक्टरांच्या मंडळानं) तेवढीच धरली तर ५४० चे १४ टक्के, म्हणजे रोजचे ७५ रुपये ६० पैसे, जन्मभर; पुन्हा नोकरी करत असलात तरी. जिल्हा रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला इथं चालत नाही. बोर्डासमोर जावंच लागतं.

तात्पुरता भत्ता घेत असताना मधेच “दोन दिवस हजेरी लावून ये” म्हटलं तर जाऊ नका. पगार घेतलेल्या दिवसांचा भत्ता मिळत नाही.

पगार २१,००० च्या वर असेल तर सहसा ईएसआय नसतं, तिथं मालकाकडून नुकसानभरपाई मागायची. तात्पुरत्या अपंगत्वाला दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, पण पूर्ण पगारावर नाही, सरकारनं हिशेबासाठी ठरवलेल्या मर्यादेपर्यंतच. पण ईएसआयमध्ये असाल तर त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

आणि जालन्याहून शेंद्र्याला ड्युटीवर येताना गाडी घसरली तर? घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही ईएसआयमध्ये धरतात, फक्त वेळ आणि रस्ता यांचा कामाशी मेळ दाखवावा लागतो. त्या दिवशीची शिफ्ट कोणती होती, ते लिहून घ्या.