हलणारा पंखा: वजन चिकटवण्याआधी या चुका टाळा

छताचा पंखा डुलायला लागला की पहिला हात जातो तो पात्याला. कुणी पाते वाकवून बघतो, कुणी त्यावर नाणे चिकटवतो. पंखा जरा शांत झाल्यासारखा वाटतो आणि विषय तिथेच मिटतो. माझा आक्षेप या क्रमालाच आहे. तोल साधणे हे सगळ्यात शेवटचे काम. आधी पंखा ज्याच्या भरवशावर लटकतो ते हुक, शॅकल (हुकात अडकणारी U आकाराची कडी), रॉड, बोल्ट आणि पिना तपासायच्या. बोल्ट सैल असताना वजन लावून पंखा शांत केला, तर हलणे कमी होईल, पण बोल्ट सैलच राहील. शिवाय धोक्याची जी खूण दिसत होती, तीही नाहीशी होईल.

नुसते बटण बंद करून वर चढू नका

भिंतीवरचे बटण किंवा रेग्युलेटर बंद करणे पुरेसे नाही. एमसीबी (बोर्डातला, वीज तोडणारा खटका) खाली करा, पाती पूर्ण थांबू द्या, आणि स्टूल धरायला खाली कुणीतरी असू द्या. कंडेन्सरच्या (मोटरला फिरायला जोर देणाऱ्या छोट्या डबीच्या) वायरींना हात लावण्याची गरज या कामात कुठेच पडत नाही. पंखा हळू फिरत असेल तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. हलण्याचे कारण तिथे शोधू नका.

वरचा कप न उघडता पंखा ‘तपासला’ म्हणू नका

छताजवळचा कप, म्हणजे हुक झाकणारी वाटीसारखी टोपी, खाली सरकवला की खरी गोष्ट दिसते. हुकात शॅकल, शॅकलमध्ये रबराचे बुश (भोक असलेली जाड गुंडी), त्यातून आरपार गेलेला बोल्ट, बोल्टला नट आणि नट निसटू नये म्हणून स्प्लिट पिन (दोन पायांची पिन). रबर चिरले किंवा झिजून एका बाजूला दबले असेल, तर पंखा तिरका लटकतो आणि फिरताना गोल गोल डुलतो. हे बुश साधे दिसते, पण झिजलेले असेल तर ते बदलेपर्यंत बाकी सगळी खटपट वाया जाते. असाच दुसरा बोल्ट रॉडच्या खालच्या टोकाला, मोटरच्या वरच्या कपाखाली असतो. तो बहुतेक जण विसरतात. दोन्ही ठिकाणी स्प्लिट पिन जागेवर असलीच पाहिजे आणि तिचे पाय उघडून वाकवलेले असले पाहिजेत. पिनेच्या जागी तार किंवा खिळा दिसला, तर योग्य पिन बसवल्याशिवाय पंखा सुरू करू नका.

काही पंखे हुकावर नसतात. छताला पट्टी असते आणि तिच्या खोबणीत रॉडचा गोळा बसतो. त्या गोळ्याला एक खाच असते आणि ती पट्टीच्या खुंटीत अडकावी लागते. खाच बाजूला राहिली की पंखा कधीच स्थिर फिरत नाही.

हुकाभोवती स्लॅबला तडा दिसला, हुक स्वतः हलताना दिसला किंवा फॉल्स सीलिंगच्या पट्टीलाच पंखा टांगलेला आढळला, तर इथेच थांबा. पंखा बंद ठेवा आणि जाणकार माणसाला बोलवा. पंख्याचा भार स्लॅबने किंवा तुळईनेच घ्यायला हवा.

झुलणे पूर्ण थांबवायला जाऊ नका

रॉड वरून थोडा मोकळा असतो, कारण पंख्याला स्वतःच्या वजनाने सरळ लोंबता आले पाहिजे. सुरू होताना आणि थांबताना किंचित झुलणे हे दुखणे नव्हे. ते बंद करायला कपात कापड किंवा पुठ्ठा कोंबला, तर पंखा तिरकाच अडकून राहतो आणि कंपने थेट हुकाला जातात. कप छतावर घट्ट दाबून बसवणे हीदेखील तीच चूक.

पाती: अंदाजाने वाकवू नका, मोजा

आधी पाती पुसा, तीही सगळी. हाताला लागणारे एक-दोन पाते पुसून खाली उतरले की तोल उलट बिघडतो. धूळ पात्याच्या वरच्या अंगावर आणि हवा कापणाऱ्या कडेवर जास्त साचते, खालून ती दिसत नाही. पुसताना पात्यावर भार टाकू नका. ते मुळाशी वाकते, आणि पुष्कळ पंखे अशा सफाईनंतरच हलू लागतात. मग प्रत्येक पात्याचे स्क्रू सारख्या जोराने आवळा. स्प्रिंग वॉशर हरवला असेल तर तो घाला, नाहीतर स्क्रू पुन्हा सैल होतो. पात्याच्या मुळाशी तडा असेल तर ते पाते फिरवूच नका.

आता मोजमाप. पात्यांना कागदी चिकटपट्टीने १, २, ३ असे क्रमांक द्या. मोजपट्टी छतापासून सरळ खाली धरा आणि ती जागा बदलू नका. पाती हाताने फिरवून एकेक करून तिच्याजवळ आणा आणि प्रत्येक वेळी टोकाची तीच कड मोजा. मोजपट्टी घेऊन प्रत्येक पात्याकडे जाणे चुकीचे, कारण छत सगळीकडे समपातळीत असेलच असे नाही. पात्यापात्यांत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर स्क्रू सैल करून पाते नीट बसवा. तरीही फरक उरला तरच पात्याला मोटरशी जोडणारी धातूची पट्टी मुळाशी, अगदी थोडी वाकवा. टोकाटोकांमधली अंतरेही मोजा. तीन पात्यांच्या पंख्यात तिन्ही अंतरे सारखी हवीत.

एकच पाते बदलणे मात्र टाळा. पाती वजन जुळवून संचात येतात, त्यामुळे दुसऱ्या पंख्याचे पाते मापाने तेच असले तरी वजनाने वेगळे निघू शकते. पूर्ण संच बदला.

आता वजन

१२०० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३५० ते ४०० फेरे घेतो. एका पात्याच्या टोकाशी ५ ग्रॅम जास्त असले, तर या वेगात तेवढेच ५ ग्रॅम जवळजवळ अर्धा किलो भाराइतक्या जोराने बाहेर ओढतात, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला सहा वेळा पूर्ण फिरते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून हळू फिरताना शहाणा वाटणारा पंखा पूर्ण वेगात डुलतो, आणि म्हणूनच कायम हळू चालवणे हा इलाज नाही.

बॅलन्सिंग किटमधली (तोल साधण्याची क्लिप आणि चिकटणारी छोटी वजने यांचा संच) क्लिप एका पात्याच्या मागच्या कडेला, म्हणजे हवा कापणाऱ्या कडेच्या उलट बाजूला, मध्यावर लावा आणि ज्या वेगात पंखा सर्वाधिक हलतो त्याच वेगात चालवा. मग पंखा थांबवून, एमसीबी खाली करून क्लिप दुसऱ्या पात्याला, नंतर तिसऱ्याला. ज्या पात्यावर हलणे सर्वात कमी झाले, त्याच पात्यावर क्लिप आत-बाहेर सरकवून उत्तम जागा शोधा. त्या जागेच्या रेषेत, पात्याच्या वरच्या अंगावर मधोमध वजन चिकटवा आणि क्लिप काढून घ्या. दोन पात्यांवर सारखाच फायदा दिसला तर दोन्हींवर थोडे थोडे वजन लावा. इथे घाई फार नडते: सुरू केल्यावर पंख्याला पूर्ण वेग घेऊन स्थिरावू द्या, मगच मत बनवा. चाचणी चालू असताना पंख्याखाली उभे राहू नका. नाणे कायमचे ठेवू नका. चिकटपट्टी सुटली की ते वेगाने उडते.

एवढे करूनही हलणे थांबले नाही, तर एमसीबी खाली करून एका हाताने रॉड धरा आणि दुसऱ्याने मोटर वर-खाली हलवून बघा. टकटक जाणवली किंवा हाताने फिरवताना खरखर ऐकू आली, तर बेअरिंग झिजले आहे. ते इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. वरून तेल सोडण्याने ते बरे होत नाही, उलट तेल मोटरच्या वाइंडिंगपर्यंत (आतल्या तारांच्या गुंडाळीपर्यंत) ओघळते. आणि पंखा छताच्या अगदी जवळ असेल तर तेही पाहा: पाती आणि छत यांत साधारण ३० सेंटीमीटर मोकळी जागा नसेल, तर हवा वरून नीट येत नाही आणि उत्तम तोल साधलेला पंखाही थरथरतो. अशा वेळी थोडा लांब रॉड लागेल, मात्र खाली वावरणाऱ्यांच्या डोक्यावर पुरेशी मोकळीक राहते ना, हे आधी मोजून घ्या.