पालकांना इंग्रजीची नवी पद्धत समजावताना या चुका टाळा

या पद्धतीत मुलं आधी समजतील अशा इंग्रजी गोष्टी भरपूर ऐकतात, बोलणं-लिहिणं नंतर येतं. हे पालकांना सांगताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे सिद्धांतापासून सुरुवात करणं. पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत, प्रशिक्षण घेऊन आलेल्या तरुण सरांनी पालकसभेत प्रोजेक्टर लावला आणि भाषा कशी अंगवळणी पडते यावरची, स्टीफन क्रॅशेन या भाषातज्ज्ञांची पाचही गृहीतकं वाचून दाखवली. कापसाची वेचणी सोडून आलेली माणसं गप्प बसून राहिली. शेवटी एक बाप उठला, "वही त कोरी शे, मास्तर. पोऱ्या काय शिकना?" सर म्हणाले, या पद्धतीत वहीला महत्त्व नाही. सभा तिथेच हातची गेली. मुख्याध्यापकांनी रोज पानभर लेखन सक्तीचं केलं आणि इंग्रजी गोष्टींचा तास बंद पडला. पोरं नुकती कुठे कान देऊन ऐकायला लागली होती, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मी सभेत पावरी ही आदिवासी भाषा बोलतो. धडगावला नोकरीत असताना शिकलो, आमच्या अहिराणी पालकांना ती येत नाही. समोर पाटी, विळा, घागर मांडतो आणि हातवारे करत, तेच शब्द पुन्हा पुन्हा घोळवत छोटी गोष्ट सांगतो. मग मराठीत विचारतो, घागर कोणी फोडली? सगळे सांगतात. आता हीच गोष्ट पावरीत सांगा म्हटलं की कोणी तोंड उघडत नाही. तुमचं लेकरू आज इथवर आलंय, एवढंच मग बोलतो. कॉम्प्रिहेन्सिबल इनपुट, म्हणजे अर्थ कळेल अशी भाषा कानावर पडणं, काय असतं हे त्यांना निराळं सांगावं लागत नाही. घाईतले नवे शिक्षक माझ्याकडे तयार स्लाइड मागतात. मी देत नाही. गोष्ट सांगायचा सराव करायला हवा, त्याला पर्याय नाही.

"दिवाळीपर्यंत फाडफाड बोलतील" असं वचन देऊ नका. काही मुलं महिनोन्‌महिने नुसती ऐकतात.

"घरी अहिराणी बोलू नका" हा सल्ला तर कधीच नको.

केंद्रप्रमुख आणि संस्थाचालकांना गोष्ट पुरत नाही, कागद लागतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात भाषा कानावर आणि नजरेखाली भरपूर पडावी असं स्पष्ट म्हटलंय, ते पान दाखवा. हे परदेशी खूळ आहे म्हणाले तर भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंचा बंगळूर प्रकल्प सांगा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये, व्याकरणाचा क्रम न लावता, अर्थावर भर देऊन इंग्रजी शिकवली गेली.

आणि पद्धतीच्या मर्यादा लपवू नका. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना फ्रेंच छान समजायचं, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहायच्या, हे भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं. म्हणून "आम्ही व्याकरण शिकवत नाही" असं तोडून बोलू नये. बोलणं, लेखन आणि वह्यांची तपासणी कोणत्या महिन्यात सुरू होईल, हे मी जूनमध्येच मुख्याध्यापकांना लिहून देतो आणि त्यावर त्यांची सही घेतो.